समोर बसा, ऐका

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक कॅनडात स्थायिक होण्यासाठी ‘टेफ कॅनडा’ ही फ्रेंचची परीक्षा देणार आहे. त्यातली बोलण्याची परीक्षा 15 मिनिटांची. आधी 5 मिनिटं जाहिरातीबद्दल अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचे; तिथं ‘वू’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. मग 10 मिनिटं मैत्रिणीला एखादी गोष्ट पटवायची. तिथं ‘त्यू’, म्हणजे ‘तू’.

पोरीला शब्द येतात, पण माणसापुढं तोंड उघडत नाही. म्हणून आम्ही दोघी-तिघी रोज संध्याकाळी घड्याळ लावून तिच्यासमोर बसतो. फ्रेंच कळत नाही, पण ती कुठं अडली ते कळतं. बँकेत पहिल्यांदा बोलताना आपणही अशाच अडलो होतो ना? सरावानंच जीभ सुटली. तुमची लेक तयारी करत असेल, तर रोज 15 मिनिटं तिच्यासमोर बसा.