पेरणीपूर्वीचें कर्ज

सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. सन १८७९ च्या कायद्यानें सावकारांस लगाम बसला. पण बियाण्यास पैसा कोठून आणावा, हा प्रश्न राहिलाच. पुढें सहकारी पतपेढ्या आल्या. तरीहि सन १९५१-५२ च्या अखिल भारतीय पाहणींत शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेंकडा सुमारें ३ च भरला! सावकार महाग खरा. पण तो दाराशीं होता व पैसा तत्काळ देई. सन २०२५ पासून २ लक्ष रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास बँकांनीं तारण मागूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. शहरी श्रोत्यांस महिन्याचा विलंब किरकोळ वाटेल. परंतु मृग कोणासाठीं थांबत नाहीं. पेरणीपूर्वी हातीं पडेल तेंच साह्य. मागाहून मिळालें तें केवळ ऋण.