आठवड्यातून एकदा, पाच ओळी



जबलपूरच्या रांझी भागात
एक जुनं इंजिनिअरिंग कॉलेज आहे.
१९४७ साली सुरू झालेलं.

तिथं शिकणारी काही मुलं होस्टेलवर राहतात.
घर लांब. परीक्षा जवळ.
नोकरीची धास्ती वेगळीच.

अशा मुलामुलींसाठी एक साधी सवय सांगते.
कृतज्ञतेची वही.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ
हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ.
त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांबरोबर एक प्रयोग केला.
२००३ साली तो प्रसिद्ध झाला.

काही विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा लिहिलं,
कशाकशाबद्दल कृतज्ञता वाटली.
जास्तीत जास्त पाच गोष्टी.

काहींनी फक्त कटकटी लिहिल्या.

आभार लिहिणारे आयुष्याबद्दल अधिक समाधानी निघाले.
येणाऱ्या आठवड्याकडे ते अधिक आशेनं बघत होते.
कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा
त्यांचा व्यायामही जास्त झाला.

तर, आठवड्यातून एकदा. पाच ओळी.

पण नेमकं लिहा.
‘मित्र चांगला आहे’, एवढंच नको.
‘ताप होता, तेव्हा त्यानं मेसमधून डबा आणून दिला’,
असं लिहा.

आणि हो,
दुःख दाबण्यासाठी ही वही नाही.
रागही लिहा. रडूही येऊ द्या.

मन फारच खचलं असेल,
तर वहीवर थांबू नका.
सरकारची टेली-मानस सेवा आहे.
मोफत, दिवसरात्र.
क्रमांक लिहून घ्या.
एक, चार, चार, एक, सहा.
पुन्हा सांगते.
एक, चार, चार, एक, सहा.

या रविवारी वही उघडा.
पाच ओळी लिहा.