किनाऱ्याच्या वाटेनें जातांना



मोटार घेऊन अलिबागहून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें जाण्याचा तुमचा बेत ऐकला, कीं आम्हां म्हाताऱ्यांस आनंद होतो व थोडी काळजीहि वाटते. रस्ता कोठें वळतो, मुक्काम कोठें करावा, हें तुमच्या खिशांतील मोबाईल सांगतोच. मी एकच गोष्ट सांगणार आहें. या वाटेवर घड्याळाच्या जोडीला पंचांगहि पाहावें. मुहूर्तासाठीं नव्हे, पाण्यासाठीं.

भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळानें ओहोटी पूर्ण होते, आणि उद्यांची भरती आजच्याहून सुमारें ५० मिनिटें उशिरां येते. म्हणून 'परवां याच वेळीं आम्ही येथून चालत गेलों' असें म्हणणारा फसतो. आपल्या किनाऱ्यावरील जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल, तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. अर्थात् सकाळीं व सायंकाळीं सहाला भरती, दुपारीं बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेस उलट, भर दुपारीं भरती. आणि तीहि उधाणाची. हा हिशेब स्थूल आहे. नेमकी वेळ गांवच्या कोळ्यास विचारावी.

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीस पायीं जाऊन पाहतां येतो. भरतींत त्यास पाण्याचा वेढा पडतो. तेथें ओहोटी पुरी होण्यापूर्वींच निघावें व पाणी चढूं लागण्याआधीं परतावें. भांगाच्या दिवसांत पाणी पुरतें हटत नाहीं, हेंहि ध्यानांत असूं द्यावें. ओल्या वाळूवर मोटार नेऊं नये. चाकें रुतलीं, कीं तीं उपसून काढीपर्यंत लाटा दारांशीं येतात.

पुढें खाड्या लागतात. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा फेरीबोटी मोटारीसह पलीकडे नेतात व मोठा वळसा वांचवितात. मात्र शेवटच्या फेरीची वेळ सकाळींच विचारून ठेवावी. ती चुकली म्हणजे रात्रीं घाटवळणांनीं गाडी पिटाळण्याचा मोह होतो. त्यापेक्षां अलीकडेच मुक्काम करावा.

१ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रांत बुडाले. ती बातमी ऐकल्यावर मला वर्गांतील हजेरीपट आठवला. नांव पुकारावें आणि 'हजर' हा शब्द ऐकूं येऊं नये, याचा अर्थ शिक्षकास कळतो. घरच्यांस त्याहून अधिक कळतो.

म्हणून किनाऱ्यावरचा एखादा कोळी 'आज पाण्यांत उतरूं नका' म्हणाला, तर त्याच्याशीं वाद घालूं नका. आणि प्रत्येक ठिकाणाहून निघतांना, गाडी सुरू करण्यापूर्वीं, एकदां हजेरी घ्या. सर्वांचें 'हजर' ऐकूं आलें, कीं खुशाल पुढच्या गांवीं निघा.