मुलाचे तुकडे जोडणारं माणूस कोण?

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या दोन-तीन घरांतून एकच प्रश्न आला. दहावीनंतर मुलीला आयबीच्या निवासी शाळेत पाठवावं का? फी आणि परदेशातले प्रवेश यांची माहिती कुठेही मिळते. आज आपण बघू, की अशी शाळा अभ्यास आणि मुलांची काळजी यांची सांगड कशी घालते.

उदाहरण जवळचंच आहे. मुळशी तालुक्यात डोंगरावर यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, १९९७ साली सुरू झालेलं. नावात कॉलेज असलं तरी शिक्षण अकरावी-बारावीचं. मुलं जिथे राहतात त्या घरांच्या समूहांना तिथे 'वाडा' म्हणतात. या साखळीतली पहिली शाळा १९६२ साली वेल्समध्ये उघडली. कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची. शीतयुद्धाच्या दिवसांत वेगवेगळ्या देशांची मुलं एका छपराखाली राहावीत, म्हणून. म्हणजे 'एकत्र राहणं' हाच तिथे मूळ विषय, बाकीचे नंतर.

आता अभ्यासक्रम. आयबी डिप्लोमा दोन वर्षांचा. सहा विषय. त्यातले साधारण तीन वरच्या पातळीवर, प्रत्येकी २४० तास. उरलेले साध्या पातळीवर, प्रत्येकी १५० तास. प्रत्येक विषयाला ७ गुण, म्हणजे ४२. शिवाय ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध आणि 'ज्ञानाचा सिद्धान्त' हा विषय, दोन्ही मिळून जास्तीत जास्त ३. एकूण ४५. आणि 'कॅस', म्हणजे सर्जनशील काम, शारीरिक हालचाल आणि सेवा. याला गुण शून्य, पण ते पूर्ण केलं नाही तर डिप्लोमा मिळत नाही.

इथे एक गंमत बघा. त्या मोठ्या निबंधासाठी मार्गदर्शक शिक्षकाबरोबर तीन औपचारिक बैठका सक्तीच्या आहेत. कॅससाठीही दोन वर्षांत समन्वयकाबरोबर तीन मुलाखती. म्हणजे एका मोठ्या माणसाने एका मुलासमोर निवांत बसून 'कसं चाललंय?' विचारणं हे अभ्यासक्रमातच लिहून ठेवलंय. त्यासाठी मूल आजारी पडायची किंवा नापास व्हायची वाट बघावी लागत नाही.

मी अकरावी-बारावी होस्टेलवर राहून केली. आमच्या रेक्टर सरांचं काम दोन गोष्टींपुरतं होतं: रात्री हजेरी आणि गेटचं कुलूप. वर्गातल्या मास्तरांना आम्ही कुठे राहतो ते ठाऊक नव्हतं, आणि रेक्टरना आमचे मार्क. माणसं वाईट नव्हती, पण त्यांच्यात दुवाच नव्हता.

तो दुवा म्हणजेच चांगल्या निवासी शाळेची खरी व्यवस्था. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राची कल्पना करा. मोठा निबंध, प्रत्येक विषयाचे प्रकल्प आणि विद्यापीठांचे अर्ज, सगळं एकदम अंगावर येतं. केमिस्ट्रीच्या मॅडमना दिसतं, की रिपोर्ट दोनदा उशिरा आला. घरपालक, म्हणजे वाड्यातच राहणारे शिक्षक, त्यांना दिसतं की खोलीतला दिवा तीन वाजेपर्यंत चालू असतो. फुटबॉलच्या सरांना दिसतं की पोरगा तीन आठवडे मैदानावर नाही. प्रत्येकाला वाटतं, वय आहे, होतं असं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला म्हणू, तीन वेगवेगळे लॉग आहेत आणि एकत्र वाचणारं कुणी नाही. सर्व्हर बंद पडला तर रीस्टार्ट होतो. सतरा वर्षांचं मूल, घरापासून लांब, आतून बंद पडलं तर तसं होत नाही.

म्हणून अशा शाळांत प्रत्येक मुलाला एक सल्लागार शिक्षक असतो, आठ-दहा-बारा मुलांमागे एक. त्याने नियमित भेटायचं आणि बाकीच्यांकडून कळलेले तुकडे जोडायचे. त्याच्या मागे समुपदेशक आणि नर्स. आणखी एक काम वेळापत्रकाचं: सगळ्या विषयांच्या अंतिम तारखा एका कॅलेंडरवर मांडून एकाच आठवड्यात पाच येणार नाहीत, हे बघणं. मला विचाराल तर हीसुद्धा काळजीच. आधी ओझं वाढवायचं आणि मग तणावावर व्याख्यान ठेवायचं, यात काय अर्थ आहे?

एक अवघड मुद्दा राहतोच. जो शिक्षक मार्क देतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करेल का? आणि समुपदेशकाला सांगितलेलं गुपित राहतं का? बहुतेक वेळा राहतं, पण जिवाला धोका असेल तर नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर आपल्याकडच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलेली असली पाहिजे, नाहीतर नंतर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

तेव्हा शाळा बघायला गेलात, तर लॅब आणि स्विमिंग पूल जरूर बघा. पण चार प्रश्न विचाराच. माझ्या मुलीचे सल्लागार कोण, आणि त्यांच्याकडे मुलं किती? घरपालक आणि विषयशिक्षक एकत्र बसून मुलांबद्दल कधी बोलतात? सगळ्या विषयांच्या तारखांचं एकच कॅलेंडर आहे का? आणि रात्री दोन वाजता तिला कुणाशी बोलावंसं वाटलं, तर ती कुणाचं दार वाजवेल? या शेवटच्या प्रश्नावर एखाद्या विभागाचं नाव मिळालं तर पुन्हा विचारा. उत्तर माणसाच्या नावाने आलं पाहिजे.

तुमच्या घरात हा निर्णय चालू असेल तर हा भाग मुलांबरोबर बसून ऐका. ते चार प्रश्न त्यांनाच विचारू द्या. भेटू पुढच्या भागात.