जठराचे सैल होणे आणि सेरोटोनिनची औषधे
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या पंक्तीत आग्रहास मोठा मान आहे. परंतु चार घासांतच ज्यांचे पोट भरते, तडस लागते, त्यांच्या तक्रारीस आपण 'नखरे' म्हणून मोकळे होतो. त्या तक्रारीमागील शरीरशास्त्र आज थोडक्यात मांडतो.

जठर ही ताठ पिशवी नव्हे. अन्न उतरू लागताच मज्जातंतूंच्या आज्ञेने त्याचा वरचा भाग सैल होतो व अन्नास जागा करून देतो. तपासणीत व्रण वगैरे काही न सापडणाऱ्या अपचनाच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्क्यांत हे सैल होणे अपुरे असते, असे बेल्जियममधील यान टाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखविले. काहींच्या जठराची संवेदनाच तीव्र असते. अल्प ताणही त्यांस दुःसह होतो.

या व्यापारात सेरोटोनिन या द्रव्याचा मोठा वाटा आहे. मनाशी त्याचे नाव जोडले जाते खरे. परंतु शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गातच असते. ते ज्या ग्राहकांवर कार्य करते ते अनेक प्रकारचे आहेत. म्हणून त्यांवरील औषधांचे परिणामही भिन्न होतात.

ब्युस्पिरोन हे वस्तुतः चिंतेवरील औषध. टाक यांनीच २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १७ रुग्णांस ते जेवणापूर्वी पाव तास दिले. जठर अधिक सैल झाले, लवकर पोट भरण्याची तक्रार घटली. ताणाची संवेदना मात्र तशीच राहिली. प्रयोग लहान असला, तरी सैलपणा व संवेदना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानी येते.

याच वर्गातील सिसाप्राइड एके काळी अपचनावर सर्रास दिले जाई. त्याने हृदयाची लय बिघडू शकते असे दिसून आल्यावर अमेरिकेत २००० साली ते बाजारातून काढले गेले व भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. शेजाऱ्यास गुण आला म्हणून त्याची गोळी आपण घेणे किती घातक, हे यावरून उमगावे.

तेव्हा दोनच विनंत्या. पानावर 'पुरे' म्हणणाऱ्यास आणखी आग्रह करू नये. आणि वजन घटणे, वारंवार वांती, काळी शौचास होणे, ही लक्षणे दिसताच चूर्णावर विसंबून न राहता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. अन्न हे पूर्णब्रह्म खरे. परंतु ते सामावून घेणाऱ्या जठराचाही मान राखला पाहिजे.