नाव असलेले प्यादे



या व्यासपीठावरून आजवर आपण तत्त्वज्ञान ऐकले, अर्थकारण ऐकले, संतवाङ्मय तर दरवर्षी ऐकतोच. आज आम्ही बोलणार आहोत ते मुलांच्या एका व्हिडिओ गेमवर. विषय जाहीर झाला तेव्हा आमचे एक स्नेही म्हणाले, "या वयात हा पोरकटपणा कुठून सुचला?" त्यांना आम्ही इतकेच म्हटले, की आधी ऐका आणि मग बोला. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत.

घडले ते असे. गेल्या दिवाळीत आमची नात अर्ध्या पानावरून उठली. चौकशी केली तेव्हा कळले, की तिचा एक घोडेस्वार मेला होता. कुठे, तर पडद्यावर! आम्ही हसलो आणि म्हणालो, "अगं, दुसरा घे." ती म्हणाली, "आजोबा, दुसरे पुष्कळ आहेत. पण हा आता शेवटपर्यंत येणार नाही." या उत्तराने आम्ही चपापलो आणि तो खेळ तिच्याकडून शिकून घेतला. त्याचे नाव 'फायर एम्ब्लेम'.

पटावरचे युद्ध आपल्याला नवे नाही. चतुरंग याच भूमीत जन्मले. ते इराणमार्गे पश्चिमेस गेले आणि त्याचे बुद्धिबळ झाले. पूर्वेकडे गेलेल्या त्याच्या वंशातलाच जपानचा 'शोगी' हा खेळ मानतात. आपल्याकडे मेलेला मोहरा पटाबाहेर जातो. शोगीत मारलेला मोहरा मारणाऱ्याच्या हाती येतो आणि पुढे त्याच्याच बाजूने लढायला उतरतो. तिथे कोणी मरत नाही, फक्त धनी बदलतो. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. प्याद्याला नाव नसते. कोणते प्यादे गेले, हे डाव संपल्यावर कोण विचारतो? आणि खऱ्या युद्धाचा हिशेब तरी कुठे निराळा असतो? १७६१ साली पानिपतानंतर दक्षिणेत आलेल्या सांकेतिक निरोपात मोठ्या माणसांची गणना मोत्यांत आणि मोहरांत झाली. सामान्य शिपाई खुर्द्यात गेला आणि खुर्दा कोणी मोजला नाही.

आता जपानकडे वळू. क्योतो शहरातील निन्टेन्डो या कंपनीसाठी खेळ तयार करणारी 'इंटेलिजंट सिस्टिम्स' नावाची संस्था आहे. १९८८ साली निघालेल्या 'फॅमिकॉम वॉर्स' या युद्धाच्या खेळात तिचा हात होता. त्यात पैसे मोजून पलटणी आणि रणगाडे घ्यायचे, आणि एखादी पलटण बुडाली तर पुन्हा पैसे मोजून दुसरी उभी करायची. म्हणजे शुद्ध खुर्द्याचाच व्यवहार! दोन वर्षांनी, २० एप्रिल १९९० रोजी, याच संस्थेचा पहिला 'फायर एम्ब्लेम' बाजारात आला. त्याची कल्पना शोझो कागा यांची. त्यांनी युद्धाच्या पटावर कथा आणून बसवली आणि प्रत्येक मोहऱ्याला चेहरा, नाव आणि पूर्ववृत्त दिले.

कथा आपल्या ओळखीच्या वळणाची आहे. आल्टिया नावाचे राज्य शत्रूने बुडवले आहे. त्याचा कोवळा राजपुत्र मार्थ एका बेटावर आश्रयाला राहिला आहे. तिथून तो मूठभर सोबती घेऊन निघतो. जेगन हा म्हातारा सरदार त्याच्याबरोबर आहे, पंख असलेल्या घोड्यावरून लढणारी शीडा ही राजकन्या आहे, गॉर्डिन नावाचा पोरसवदा तिरंदाज आहे. वाटेत माणसे मिळत जातात आणि सारी धरली तर पन्नासहून अधिक होतात. पट चौकटींचा, चाली आळीपाळीच्या. वार लागेल की चुकेल हे थोडे दैवावर. लढून लढून माणूस तरबेज होतो. मार्थ पडला की डाव संपतो. राजाचा तो जुना नियम इथेही आहे. नवा नियम दुसरा. बाकी कोणीही पडला, तर तो पुढच्या लढाईत दिसत नाही. त्याची जागा रिकामी राहते आणि कथा त्याच्यावाचून पुढे जाते.

यातला एक प्रसंग आम्हांला फार आवडला. दरोडेखोरांच्या टोळीत नवार नावाचा भाडोत्री तलवारबहाद्दर असतो. त्याला मारता येते. पण शीडा त्याच्या तलवारीच्या टप्प्यात जाऊन त्याच्याशी बोलली, तर तो आपल्या बाजूला येतो. शोगीतल्या मोहऱ्यासारखा हाही धनी बदलतो, पण त्यासाठी कुणाला तरी जीव धोक्यात घालून बोलायला जावे लागते. बोलणे न करता त्याला मारले, तर आपण कोण गमावले हे आपल्याला कळतही नाही.

आता आमची कबुली. पहिल्याच लढाईत चाचे कुऱ्हाडी घेऊन येतात. त्यातला एक आमच्या टप्प्यात आला. त्याला टिपावे या लोभाने आम्ही गॉर्डिनला पुढे काढले. त्या खेळात बाण दोन घरांवर लागतो, शेजारच्या घरात उभ्या असलेल्या शत्रूवर चालत नाही. नातीने हे दोनदा सांगितले होते. दुसरा चाचा शेजारी येऊन उभा राहिला आणि पोरगा गेला. चूक दैवाची नव्हती, आमच्या हावेची होती. नात शांतपणे म्हणाली, "बंद करा आणि पहिल्यापासून सुरू करा. सगळे तसेच करतात."

श्रोतेहो, खरी मेख इथे आहे. मरण कायमचे आहे, असे खेळ सांगतो. खेळणारा यंत्राची कळ दाबतो आणि ते मरण पुसून टाकतो. एका माणसासाठी तासाभराची लढाई पुन्हा लढणारी मुले घरोघर आहेत. म्हणजे नियम फसला, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. जुन्या पटावर एका प्याद्यासाठी कुणी अख्खा डाव पुन्हा मांडला होता का? ते मूल मरण पुसते खरे, पण पुसण्याची किंमत ते आपल्या वेळेने मोजते.

खेळ करणाऱ्यांनाही हा पेच पुढे सोडवावा लागला. पहिल्या खेळातच, अगदी शेवटाकडे, एक काठी ठेवली होती. ती फक्त मार्थच्या बहिणीला चालवता येई आणि मेलेल्यांतला एकच जण तिने परत येई. एकच! कोणाला उठवावे, हा प्रश्न रणांगणापेक्षाही अवघड. पुढे २०१० च्या खेळात, पडलेली माणसे पुढच्या लढाईत परत यावीत की नाहीत, हे खेळणाऱ्याने आधीच ठरवावे अशी सोय झाली. २०१२ च्या 'अवेकनिंग'मध्ये ती राहिली आणि त्या खेळाने कित्येक नवे लोक या मालिकेकडे ओढले. २०१९ च्या 'थ्री हाउसेस'मध्ये तर काळ मागे फिरवता येतो, पण मोजक्याच वेळा. या सोयींना आम्ही नावे ठेवणार नाही. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाने संध्याकाळी शोक करावाच, असा हट्ट कशाला?

याच कथेवर जपानात १९९६ साली ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांचा पट, निघाला. त्याचे दोनच भाग झाले आणि कथा युद्धाच्या आरंभीच थांबली. खेळ परदेशात २००३ पासून विकला जाऊ लागला. त्याआधीच हा पट अमेरिकेत पोचला होता आणि तिथल्या काहींना मार्थ प्रथम भेटला तो त्यातून. राज्य गमावलेल्या पोराचा चेहरा आणि आवाज त्यात जवळून मिळतो. पण तो पाहताना आमचे हात रिकामे होते. पटात कोणी पडले तर ते लेखकाने पाडले. आपण हळहळतो आणि उठून चहा घेतो. खेळात गॉर्डिन पडला तो आम्ही पाडला. दुःख दोन्हीकडे आहे, पण अपराध एकीकडेच आहे. अपुऱ्या राहिलेल्या त्या पटाने आम्हांला हा भेद शिकवला, म्हणून आम्ही त्याचे ऋणी आहोत.

"शेवटी खेळच तो," असे आमचे स्नेही म्हणतील. खेळच आहे. पण उद्या हीच मुले कचेरीत, कारखान्यात, इस्पितळात दुसऱ्यांच्या जिवाचे निर्णय घेतील. तिथे कागदावर आकडे येतात, नावे येत नाहीत. आकड्यामागे नाव असते, याची सवय पटावर लागली तर वाईट काय? म्हणून पालकांना एक विनंती आहे. मुलगा खेळत असेल तर "पुरे कर" म्हणण्याआधी एकदा विचारा, "तुझे कोण कोण गेले?" तो नावे सांगेल.

आम्ही कळ दाबली नाही. डाव तसाच पुढे चालवला आहे आणि तिरंदाजाची जागा रिकामी आहे.