परिषद डोंगरावर, शाळा गावात



दोनशिक्षकी शाळेतला मास्तर परिषदेला निघाला की गावात त्याला तीन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतात, "जाऊन या गुरुजी, चार माणसांत मिसळावं." दुसरी विचारतात, "मग पोरांचं काय?" आणि तिसरी काहीच बोलत नाहीत, ठिकाणाचे नाव ऐकतात आणि नुसती हसतात. माझ्या वेळी त्या ठिकाणाचे नाव होते महाबळेश्वर. तेव्हा तिसऱ्या तऱ्हेची माणसे मला किती भेटली असतील, हे सांगायला नकोच.

आज तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत ते याच विषयावर. परिषद असते कामाची, पण भरते लोक सहलीला जातात तिथे. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा, गोव्याचे किनारे. आणि हे काही आम्हा शिक्षकांपुरतेच नाही. बँकेतली माणसे, डॉक्टर, सहकारी संस्थांचे संचालक, पंचायतींचे सदस्य, सगळेच कधी ना कधी अशा वाटेने जातात. २००९ साली ८२ वे मराठी साहित्य संमेलन भरले तेही महाबळेश्वरलाच.

ही रीत आली कुठून? काम घेऊन डोंगरावर जायचे, हे आपल्याकडे इंग्रज साहेबाने रुजवले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला वसाहत उभी करवली. तिला माल्कम पेठ हे नाव पडले ते त्यांच्यावरूनच. पुढे उन्हाळा आला की मुंबईचे गव्हर्नर तिथे मुक्काम हलवू लागले. तिकडे कलकत्त्याचे सरकार १८६४ पासून दर उन्हाळ्यात हजार मैलांहून लांब सिमल्याला जाई. कागदपत्रांच्या पेट्या, कारकून, सगळा लवाजमा घेऊन. ओझे कोण वाहत होते, ते तुम्ही ओळखले असेलच.

पण डोंगरावर नुसती हवाच खाल्ली जाते, असेही म्हणता येत नाही. १९४४ चा जुलै महिना. महायुद्ध चालू होते. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर संस्थानातल्या डोंगरात ब्रेटन वुड्स नावाचे ठिकाण आहे. युद्धामुळे बंद पडलेले तिथले एक मोठे विश्रांतीचे हॉटेल घाईघाईने उघडले गेले. ४४ देशांचे सातशेहून अधिक लोक तिथे जमले आणि १ ते २२ जुलै, म्हणजे तीन आठवडे, बसले. आजची जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या दोन्ही संस्था तिथल्या ठरावांतून निघाल्या. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते. रायगड जिल्ह्यातल्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. युद्धकाळात इंग्लंडकडे साठून राहिलेल्या हिंदुस्थानच्या पैशाचा प्रश्न आपल्या मंडळींनी तिथे मांडला. तो मान्य झाला नाही, ती गोष्ट वेगळी. पण मांडायच्या वेळी मंडळी सभागृहात होती, एवढे तुम्ही ध्यानात घ्या.

अशा जागा निवडण्यामागे साधे व्यवहाराचे कारणही असते. महाबळेश्वरचेच पाहा. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरहून उंच असे हे गाव. एप्रिल-मेमध्ये, दिवाळीत, नाताळात तिथे पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात मात्र वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त कोसळणारा तो पाऊस गिऱ्हाइकाला पळवून लावतो. खोल्या रिकाम्या, सभागृहे रिकामी, दर उतरलेले. शिवाय शहरात परिषद भरवली की निम्मी माणसे जेवायला म्हणून घरी जातात ती परत येत नाहीत. डोंगरावर पळून जाणार कुठे? भरवणारे असा विचार करतात. पळून जायला तिथे पॉइंट असतात, हे ते विसरतात.

आता माझी हकीगत सांगतो. ऑगस्ट महिना होता. तीन दिवसांची परिषद, दोनशेच्या आसपास शिक्षक. पसरणीचा घाट चढून एस.टी. पाचगणीला आली आणि बाहेर सगळे पांढरे झाले. पहिला दिवस मोठ्या माणसांच्या भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतरच्या बैठकीत गावोगावच्या शिक्षकांनी आपापल्या शाळेतले अनुभव सांगायचे होते. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावे बारीक अक्षरांत छापलेली. जेवताना कोणीतरी म्हणाले, "गाडी ठरवली आहे, येणार का? दीड तासात परत." मी गेलो. एकटा मीच नव्हे, शंभरावर माणसे गेली. दोघे-तिघे हजेरीच्या कागदावर सही करून गेले. त्यांतला एक मी.

आम्ही आर्थर सीटला पोहोचलो. समोर काय दिसले म्हणाल, तर धुके. कठड्यापलीकडे भिंतीसारखे उभे. सावित्रीचे खोरे खाली कुठेतरी असणार, असे मनाशी म्हणत आम्ही भाजलेली कणसे खाल्ली, छत्र्या उलट्या झाल्या, आणि दीड तासाचे तीन तास करून परत आलो. बैठक संपून गेली होती.

रात्री जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शिक्षिका. दुपारी बोलणाऱ्यांत त्यांचे नाव होते, ते मला आठवले.

"बाई, तुमचं ऐकायचं राहून गेलं," मी म्हणालो.

"कुठं होतात सर?"

"पॉइंटवर."

"काय दिसलं?"

"धुकं."

त्या हसल्या. मग म्हणाल्या, "वीस-पंचवीस माणसं होती. पण ऐकलं त्यांनी मनापासून." आणि ताटावर हात तसाच ठेवून दहा मिनिटांत त्यांनी मला सगळे सांगितले.

त्यांच्या गावातली निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मुलेही आईबापांबरोबर जातात. तेव्हा बाई प्रत्येक मुलाच्या दप्तरात एक चिठ्ठी ठेवतात. कधी न पाहिलेल्या गुरुजींच्या नावे. हा मुलगा कुठपर्यंत वाचतो, पाढे किती येतात, घरी त्याला काय नावाने हाक मारतात. एखादीत लिहिलेले असते, की ही मुलगी पहिले आठ दिवस बोलणार नाही. रागावू नये, तिला वाचता येते. "चिठ्ठी देते मी," त्या म्हणाल्या, "पण उत्तर कुणाचं येत नाही. तुमचा भाग उसाचाच ना? आमची मुलं तुमच्याकडंच येत असतील."

श्रोतेहो, माझा घास हातातच राहिला. आमचा भाग उसाचाच. दर वर्षी दिवाळीनंतर कोप्या पडतात, त्यांतली काही मुले शाळेत येतात आणि पट्टा पडला की जातात. आदल्या वर्षी असाच एक मुलगा आला होता. तिसरीचा म्हणून सांगितले होते. विचारले की मान खाली. मी त्याला वाचता येत नाही असे धरून चाललो आणि पहिलीच्या मुलांत बसवला. जायच्या आदल्या दिवशी खाऊच्या पुडीचा कागद त्याने माझ्यासमोर घडाघडा वाचला. चार महिने तो मुलगा कमळाचा क गिरवत बसला होता. त्याच्या दप्तरात अशी चिठ्ठी होती की नव्हती, मला माहीत नाही. मी दप्तर कधी उघडून पाहिले नाही.

तिकडे माझ्या शाळेत त्या तीन दिवसांत आमच्या सहकारी बाई चारही वर्ग एकट्या सांभाळत होत्या. मी कणीस खात होतो तो वेळ त्यांच्या हिशेबातला होता.

म्हणून तुम्हांपैकी कोणी अशा परिषदेला निघत असाल, तर थोडे सांगावेसे वाटते. पॉइंट पाहू नका, असे मी म्हणत नाही. डोंगर काही पाप नाही. परिषद संपल्यावर एक दिवस हक्काची रजा टाका, घरच्यांना आपल्या खर्चाने बोलावून घ्या आणि खुशाल फिरा. प्रवासभत्त्याच्या बिलात तो दिवस घालू नका म्हणजे झाले. कार्यक्रमपत्रिका मात्र आदल्या रात्रीच नीट वाचा, बारीक अक्षरे आधी. आपल्या शाळेची एक अडचण कागदावर लिहून न्या. ती विचारल्याशिवाय उठायचे नाही. मोठ्या भाषणांपेक्षा चहाच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाकडे पुष्कळ वेळा जास्त मिळते.

आणि परिषद भरवणाऱ्यांनाही एक विनंती. खेड्यातल्या शिक्षकाला जेवणानंतरच्या सुस्तीत बोलायला उभे करू नये. त्याला सकाळी बोलवा, पाहुण्यांना दुपारी. पाहुण्यांसमोर माणसे बसतातच, बसावेच लागते. ज्या बाईंच्या कडेवर लहान मूल आहे, त्या तीन दिवस मुक्कामाला येऊ शकत नाहीत, हेही कोणीतरी पत्रिका छापण्याआधी बोलायला हवे.

परत आल्यावर पारावर कोणी तरी म्हणालेच, "काय गुरुजी, हवा कशी होती?" मी त्यांना धुक्याचे सांगितले, आणि चिठ्ठीचेही सांगितले. हसणारी माणसे जरा गप्प झाली. कोपीवरची मुले सगळ्यांनी पाहिलेली होती.

त्या वर्षी दिवाळीनंतर सात मुले आली. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून सातही दप्तरे उघडून पाहिली. दोन चिठ्ठ्या निघाल्या. अक्षर त्या बाईंचे नव्हते, गावेही वेगळी. एकीत शेवटी लिहिले होते, की महाबळेश्वरला एका बाईंचे ऐकले, म्हणून यंदा प्रथमच लिहीत आहे, मिळाल्यास कळवावे. खाली पत्ता होता. मधल्या सुट्टीत मी पोस्टात गेलो आणि दोन पोस्टकार्डे घेऊन आलो.